पोरगी उंच होतेय आणि येणारी स्किल्स जातायत? जिम्नॅस्टच्या आईबाबांनी काय करायचं

मागच्या महिन्यापर्यंत सहज येणारी किप, म्हणजे बारला लटकून झोका घेत बारच्या वर येणं, अचानक येईनाशी होते. खालच्या बारला लटकून पुढे झोका घेताना पायाची बोटं मॅटला घासतात, ती उतरते, हाताला चॉक लावते, परत चढते, परत घासतात. चौथ्या वेळेला ती बारकडे बघतच नाही, ग्रिप्सचा, म्हणजे तळहाताला बांधायच्या संरक्षक पट्ट्यांचा, पट्टा नुसता काढते-लावते, काढते-लावते, आणि आपण लांब बाकावर बसून बघत असतो आणि मनात येतं की हिचं लक्ष कुठेय आज.

माझ्या लेकीचं हे साडेअकराव्या वर्षी सुरू झालं आणि दीडएक वर्ष चाललं. पहिले चार-पाच महिने आम्ही बऱ्याच गोष्टी चुकीच्या केल्या, मी तर जास्तच. गाडीत बसल्या बसल्या विचारायचे, "अगं पण मागच्या महिन्यात तर येत होतं ना?" मला तो साधा प्रश्न वाटायचा, तिला त्यात "तू मेहनत घेत नाहीयेस" असं ऐकू यायचं, हे तिने मला खूप नंतर सांगितलं. ज्यांच्या घरी हे आत्ता सुरू झालंय त्यांचे ते चार-पाच महिने तरी वाचावेत म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की स्किल गेलेलं नसतं, माप बदललेलं असतं. समजा १४० सेंटिमीटरची मुलगी १४७ ची झाली, म्हणजे फक्त ५ टक्के वाढ. अंग सगळीकडून सारखंच वाढलं असं धरून हिशेब केला तरी वजन साधारण १६ टक्के वाढतं, स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ज्यावर ताकद ठरते ते १० टक्केच वाढतं, आणि हवेत गोल फिरताना शरीर जो विरोध करतं तो जवळजवळ २८ टक्के वाढतो. म्हणजे गुडघे छातीशी घेतलेला तोच टक, तीच उडी, तोच जोर, तरी फिरणं कमी पडणार. आणि खरं तर अंग सारखं वाढतच नाही, आधी पंजे, मग पाय, मग धड, आणि स्नायू भरायला त्यानंतरही काही महिने जातात. त्यामुळे मधले काही महिने पोरीला स्वतःचेच पाय परके वाटतात. तोल सांभाळत ज्यावर चालतात तो बीम मात्र तेवढाच, १० सेंटिमीटर रुंद आणि ५ मीटर लांब, पण तिचा पंजा मोठा झालाय आणि पाऊल लांब पडतंय, त्यामुळे जी सिरीज, म्हणजे सलग जोडलेली स्किल्स, मारून शेवटी वळायला जागा उरायची तिथे आता बीमच संपतो. व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन बोर्डवरून टेबलावर झेप घेण्याच्या प्रकाराला, तेच, पावलं मोजून पाठ असतात आणि आता बोर्डवर भलताच पाय येतो, मग ती शेवटच्या क्षणी कचरते आणि बाजूने पळून जाते. बघणाऱ्याला वाटतं घाबरली. घाबरलेली असते पण ती नंतर, आधी माप चुकलेलं असतं.

हे तिला आकड्यांसकट सांगा. मी एका संध्याकाळी कागदावर हा हिशेब मांडून दाखवला, तर ती बराच वेळ त्या २८ कडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी आळशी झाले नाहीये?" तोपर्यंत मला कळलंच नव्हतं की ती स्वतःला आळशी समजत होती.

उंचीची वही ठेवा

या सगळ्यात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर एका साध्या वहीचा. दर ३ महिन्यांनी उंची मोजायची, दर आठवड्याला नाही, कारण मोजण्यात अर्धा सेंटिमीटर इकडे तिकडे होतोच आणि मग उगाच घोळ होतो. सकाळी उठल्यावरच मोजायची कारण दिवसभरात उंची थोडी कमी भरते, अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर एक सपाट पुस्तक काटकोनात धरून भिंतीवर खूण. दर वेळी मोजणारा माणूस एकच असला तर बरं. जमलं तर बसलेली उंचीपण मोजा, स्टुलावर ताठ बसवून बैठकीपासून डोक्यापर्यंत, म्हणजे पाय वाढतायत की धड ते कळतं.

आता वाचायचं कसं. मोठी उसळी यायच्या आधी मुलं साधारण वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढतात. उसळीच्या काळात मुलींचा वेग वर्षाला ८ च्या आसपास जातो, मुलांचा ९-१० पर्यंत. म्हणजे ३ महिन्यांत २ सेंटिमीटर किंवा जास्त भरलं की समजायचं सुरू झालं. मुलींमध्ये हा टप्पा सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांमध्ये चौदाव्याच्या, पण जिम्नॅस्ट मुली बऱ्याचदा उशिरा वयात येतात त्यामुळे शेजारच्या पोरीशी तुलना करू नका. पहिली पाळी साधारणपणे सगळ्यात वेगाच्या काळानंतर सहा महिने ते वर्षभराने येते, म्हणजे पाळी आली तर समजा वाढीचा सगळ्यात अवघड भाग बहुतेक मागे पडलाय.

या वहीत वजन लिहायचं नाही. घरात वजनकाटा असेल तर तो आत कपाटात ठेवून द्या. याबद्दल पुढे बोलते.

कोचशी बोलायचं ते कसं

वही घेऊन जा. "तिचं काय बिघडलंय" असं विचारलंत तर उत्तर मेहनतीवर येणार, पण "३ महिन्यांत अडीच सेंटिमीटर वाढलीय, आपण काय बदलायचं" असं विचारलंत तर बोलणं वेगळ्याच वळणावर जातं. बहुतेक कोचना हे माहीत असतं, पण पंधरा-वीस पोरांत एकीची उंची कधी सुटली हे लक्षात येत नाही, तो आकडा तुम्हीच द्यायला लागतो.

मागायच्या गोष्टी साध्या आहेत. बार्समधलं अंतर वाढवता येतं, ते तिच्यासाठी थोडं वाढवून बघायचं, आणि किपला पाय घासत असतील तर खालचा मॅट तात्पुरता पातळ करायचा किंवा पाय थोडे फाकवून झोका घ्यायला शिकवायचा. व्हॉल्टचा रनअप टेपने नव्याने मोजायचा, बोर्ड किती लांब ठेवायचा ते पण. ग्रिप्स नव्या मापाच्या घ्यायच्या, छोट्या पडलेल्या ग्रिप्सने हात सोलवटतात आणि पकडही चुकते, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं, ती बिचारी बोटं ओढून ताणून घालत होती. बीमवरच्या सिरीज आधी जमिनीवरच्या रेघेवर, मग बुटक्या बीमवर, मग वर. हे तिला "खाली उतरवलं" असं वाटू शकतं म्हणून कोचनीच सांगितलेलं बरं की नवीन पायांनी पावलं परत बसवतोय.

आणि मुख्य म्हणजे आपटणं कमी करायचं. हार्ड लँडिंग आणि हातावर पडणारा मार, म्हणजे टम्बलिंग (जमिनीवरच्या कोलांट्या), व्हॉल्ट, बॅक हँडस्प्रिंगच्या (मागे उडी घेऊन हातांवरून परत पायांवर येणं) शंभर शंभर रिपिटेशन, यांची संख्या या काळात खाली यायला हवी. जास्तीत जास्त पिटमध्ये (फोमने भरलेल्या खड्ड्यात) किंवा जाड सॉफ्ट मॅटवर. सुटलेला वेळ हँडस्टँडचा आकार, पोटाची आणि खांद्याची ताकद, एका पायावरचा तोल, डान्सच्या उड्या, वळणं, यात घालवायचा. या गोष्टी वाढ थांबल्यावर सोन्यासारख्या उपयोगी पडतात. एक अंदाजाचं मापसुद्धा बरेच क्रीडावैद्यक वापरतात की आठवड्याचे ट्रेनिंगचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, १२ वर्षांची असेल तर १२ तास. वरच्या लेव्हलला हे बहुतेक ठिकाणी पाळलं जात नाही हे मला माहीत आहे, पण निदान उसळीच्या काळात तरी तास वाढवू नका. मुलीचं जमत नाहीये म्हणून जास्तीचा क्लास लावणं हा आपल्याला सगळ्यात आधी सुचणारा उपाय आणि तोच सगळ्यात चुकीचा, आम्ही तो केला होता आणि दोन महिन्यांत टाच धरून बसलो.

स्ट्रेचिंगबद्दल माझं मत कडक आहे. हाडं आधी लांब होतात आणि स्नायू मागून येतात त्यामुळे जी पोरगी आरामात स्प्लिटमध्ये बसायची ती अचानक चार बोटं वर राहते. अशा वेळी कुणी पाठीवर बसून, मांडीवर दाब देऊन ढकलत असेल तर तिथल्या तिथे थांबवा, मग तो कितीही मोठा कोच असो. ताणलेला स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे या वयात मऊ कूर्चा असते, ओढ तिच्यावर येते. गरम अंगाने, स्वतःच्या वजनाने, रोज थोडं थोडं. परत येते लवचिकता, थोडा वेळ लागतो इतकंच.

दुखणं: कुठलं चालतं, कुठलं नाही

"वाढीचं दुखणं आहे, जाईल" हे वाक्य फार घातक आहे. लहान मुलांचं खरोखरचं वाढीचं दुखणं बहुतेक संध्याकाळी किंवा रात्री असतं, दोन्ही पायांत, आणि नेमकं कुठे विचारलं तर पोरं सगळ्या पायावरून हात फिरवतात, सकाळी उठून मस्त पळतात. पण पोरगी जर एका बोटाने "इथेच" असं दाखवत असेल, तर ते वेगळं आहे. मी तिला ही एका बोटाची परीक्षाच शिकवून ठेवली होती.

वाढणाऱ्या हाडाच्या टोकाला कूर्चेची पट्टी असते, ग्रोथ प्लेट, आणि ती पक्क्या हाडापेक्षा कमजोर असते. उसळीच्या काळात हाड लांब आधी होतं आणि भक्कम नंतर, म्हणून दुखापती याच काळात जास्त. जिम्नॅस्टमध्ये चार जागा लक्षात ठेवा.

टाचेच्या मागे दुखणं, दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ, अनवाणी लँडिंगनंतर जास्त, हा सीव्हर्स. गुडघ्याच्या वाटीच्या खाली जो उंचवटा असतो तिथे दुखून फुगणं, हा ऑसगूड श्लाटर. दोन्ही त्रासदायक पण सहसा वाढ थांबली की बरे होतात, तोवर उड्या कमी करणं, बर्फ, पोटरी-मांडीचं हलकं स्ट्रेचिंग, टाचेला जिमबाहेर गादीचे बूट. लंगडत असेल तर मात्र त्या दिवशी लँडिंग बंद.

मनगट आणि कंबर हलक्यात घेऊ नका. जिम्नॅस्ट हातांवर चालतात, त्यामुळे मनगटातल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या ग्रोथ प्लेटवर सतत मार बसतो. हात टेकवून वजन दिलं की मनगटाच्या वरच्या बाजूला दुखतं, सुरुवातीला फक्त प्रॅक्टिसला, मग बाटलीचं झाकण उघडतानाही. टेप बांधून, मनगटाचा पट्टा लावून रेटत राहिलं तर तिथली वाढच बिघडू शकते. डॉक्टरांकडे न्या, आणि त्यांनी सहा आठवडे हातावर वजन नको म्हटलं तर सहा म्हणजे सहा, "आता बरं वाटतंय" म्हणून चार नाही. कमरेचं असं की मागे वाकल्यावर, ब्रिजमध्ये (कमान), वॉकओव्हरमध्ये (कमानीतून पाय एकेक करून पलीकडे नेताना) कमरेत खालच्या बाजूला दुखत असेल आणि दोन आठवड्यांत गेलं नाही तर तपासून घ्या, मणक्याच्या मागच्या भागात बारीक चीर असू शकते. साध्या एक्स-रेमध्ये ती सुरुवातीला कित्येकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं चालू असेल तर परत जा आणि डॉक्टरांना "ही जिम्नॅस्ट आहे, रोज मागे वाकते" हे आठवणीने सांगा.

एकाच जागी होऊन रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, सकाळी उठल्यावरही तसंच असलेलं दुखणं, यात वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.

एक बारीक गोष्ट. पोरी दुखणं लपवतात कारण सांगितलं की बाहेर बसावं लागतं. आमच्याकडे एक ठरलं होतं, दुखतंय सांगितलं तर क्लास चुकणार नाही, फक्त त्या दिवशी काय करायचं ते बदलणार. मनगट दुखतंय तर पाय आणि पोट, टाच दुखतेय तर बार्स. हे ठरल्यानंतर ती सांगायला लागली.

खाणं, झोप आणि वजनाचे शब्द

या काळात भूक वाढते आणि वाढायलाच हवी. शरीर उंची वाढवतंय, हाडं भरतंय आणि वर तीन तासांचं ट्रेनिंग. या वयाला दिवसाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, प्रत्येक जेवणात प्रथिनं लागतात, आणि प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर लगेच काहीतरी पोटात जायला लागतं, घरी येऊन अंघोळ करून मग नाही. झोप १२ वर्षांपर्यंत ९ ते १२ तास आणि पुढे ८ ते १०, रात्री उशिराचा क्लास आणि सकाळची शाळा यात हीच कापली जाते.

"जड झालीस", "अंग भरलंय", "लिओटार्ड घट्ट होतोय बघ", "जरा कमी खा म्हणजे फिरशील" यातलं एकही वाक्य घरात नको आणि जिममध्येही नको. कौतुकानेसुद्धा नको, "किती बारीक झालीस, छान" हेही नको. वजन वाढणं हे वाढीचं कामच आहे, ते थांबवायला गेलात तर हाडं कच्ची राहतात, पाळी लांबते आणि दुखापती वाढतात. कमी खाऊन जास्त ट्रेनिंग केल्याने शरीराचं जे चक्र बिघडतं त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये रेड-एस असं नावच दिलंय आणि जिम्नॅस्टिक्स त्यातल्या जोखमीच्या खेळांपैकी एक आहे. १५ वर्षं झाली तरी पाळी आली नसेल, किंवा आलेली तीन महिने थांबली असेल, तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडू नका. आणि कोच पोरींना सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करत असतील तर मी तरी जिम बदलेन. मी हे विचार करून लिहितेय, मेडल गेलं तरी चालेल.

गाडीतली वीस मिनिटं

प्रॅक्टिसनंतर पहिली काही मिनिटं काही विचारू नका, पाण्याची बाटली आणि खाऊ हातात द्या. तिने सुरुवात केली तर ऐका, उपाय सुचवू नका. ती "मला काहीच येत नाही" म्हणाली की आपण घाईने "असं नाही गं, तू किती छान करतेस" म्हणतो, ते तिला खोटं वाटतं कारण आज तिने बीमवरून सहा वेळा पडून बघितलंय. त्यापेक्षा "सहा वेळा पडलीस, वैताग आला असेल" एवढं पुरतं.

जुने व्हिडिओ तिच्यासमोर लावू नका. मैत्रिणी पुढच्या लेव्हलला गेल्याचं कौतुक तिच्यासमोर मोठ्याने करू नका, ती स्वतः करेल तेव्हा करू दे. आणि मागे उडी मारायची भीती बसली असेल, जी या काळात खूप जणींना बसते, तर आमिष दाखवू नका, "मारलीस तर अमुक घेऊन देईन" याने भीती जात नाही, फक्त न मारल्याची शरम वाढते. जिथे भीती वाटत नाही त्या पायरीपर्यंत खाली जायचं, कोचचा हात घेऊन, ट्रॅम्पोलिनवर, उतरत्या मॅटवर, आणि तिथून परत वर.

स्पर्धा असेल तर त्या सीझनला अवघड स्किल काढून रूटीन साधं करा, किंवा एकाच ॲपरेटसवर (बीम, बार्स असं एकच साधन) उतरवा, किंवा तीच लेव्हल अजून एक वर्ष. एक वर्ष जाईल ही आपली घाई असते. सिनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धांना मुलींचं वयच १६ लागतं, मुलांचं १८, इतकी कसली गडबड. उंचीचीच काळजी वाटत असेल तर तिला रशियाची जिम्नॅस्ट स्वेतलाना खोरकिना दाखवा, १६५ सेंटिमीटर उंच, अनइव्हन बार्सवर १९९६ आणि २००० ची दोन ऑलिम्पिक गोल्ड आणि तीन वेळा ऑल-अराउंड (सगळ्या साधनांचे गुण मिळून) जगज्जेती. तिच्या लांब पायांना साजेशी स्किल्स बसवली गेली, पाय लपवले नाहीत. मुलगा असेल तर नेदरलँड्सचा एप्के झोंडरलँड, १७३ सेंटिमीटर, २०१२ ला हाय बारचं गोल्ड. मुलांचं एक बरं असतं की उसळीनंतर ताकद भराभर वाढते आणि रिंग्जवर जे हलत नव्हतं ते हलायला लागतं, फक्त तोवरची दीड-दोन वर्षं त्यांनाही तितकीच जड जातात आणि मुलगे बोलत कमी, तेव्हा त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

"मला सोडायचंय" हे एकदा तरी येणारच. त्या दिवशी हो किंवा नाही म्हणू नका. आम्ही विचारलं होतं, जिम्नॅस्टिक्स नकोय की आत्ता असं होतंय ते नकोय? तीन दिवस उत्तर आलं नाही. मग म्हणाली दोन आठवडे सुट्टी हवी. दिली. तिने सुट्टीनंतरही नको म्हटलं असतं तर थांबवलं नसतं, ते तेव्हाच ठरवलं होतं आम्ही दोघांनी.

परत कधी वाढवायचं

वहीतले ओळीने दोन आकडे, म्हणजे सहा महिने, जर वेग कमी दाखवत असतील, ३ महिन्यांत सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी, आणि कुठे दुखत नसेल, तर कोचशी बोलून एकेक गोष्ट परत आणायची. एका वेळी एकच, तास किंवा हार्ड लँडिंग किंवा नवीन स्किल, आणि तीन-चार आठवडे बघून मगच पुढची. बार्सवरचं लवकर परत येतं, मागचं टम्बलिंग सगळ्यात शेवटी, निदान आमच्याकडे असंच झालं.

व्हॉल्टचा रनअप मात्र परत मोजायला लागला. तिने स्वतःच टेप आणला, एक टोक माझ्या हातात दिलं, बोर्डपासून मागे चालत गेली, जुन्या खुणेच्या पुढे दीड पाऊल थांबली, तिथे चॉकने नवीन रेघ मारली आणि जुनी पायाने पुसून टाकली.